मोकळी वाट

हाडांच्या वॉर्डात वीस वर्षं काढलेल्या सिस्टरला म्हाताऱ्या माणसांच्या घरातली अडगळ डोळ्यांत खुपायची. खुबा मोडून आलेल्या प्रत्येकाला ती आधी एकच विचारायची, "कशात पाय अडकला?" सुट्टी मिळाली तशी तिने कंबर कसली आणि एकट्या राहणाऱ्या आपल्या आईचं घर आवरायला काढलं. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेतली सतरंजी गेली, स्टूल गेलं, वेताची खुर्ची गेली.

"ते शिलाई मशीन तरी राहू दे गं," आई दोनदा म्हणाली.

"दहा वर्षांत एक टाका घातलायस का त्यावर? का गं, चालताना तोल जातो का तुझा? तसं असेल तर आजच माझ्याकडे राहायला चल."

"छे, मला काय धाड भरलीये," आई म्हणाली.

मशीन ओढताना सिस्टरला दिसलं, की फळीच्या एकाच कडेचं पॉलिश पार उडून लाकूड गुळगुळीत झालंय. तिने ते जिन्याखाली ढकललं.

चौथ्या दिवशी आई तिच्याच वॉर्डात, सात नंबरच्या खाटेवर होती. खुबा मोडला होता.

"अगं, वाटेत काडीसुद्धा ठेवली नव्हती मी," सिस्टर रडकुंडीला आली होती. "मग अडखळलीस तरी कशाला?"

आई खाटेच्या कठड्यावर हात फिरवत राहिली.



"अडखळले नाही गं. सवयीनं मशीनवर हात टेकायला गेले."