कुजबुज

"आता कोणी बोलायचं नाही," अरुणकुमार म्हणाला आणि त्याने टेपचं बटण दाबलं.

पुण्याला इंजिनिअरिंगला असलेला अरुणकुमार दिवाळीच्या सुट्टीत भिलाईला घरी आला होता, आणि ही कॅसेट बॅगेत नाही, खिशात घालून आला होता. प्रोग्रेसिव्ह मेटल. ठोकाठोक चालू असतानाच ताल बदलतो, आणि एकेक गाणं संपता संपत नाही. आवडत्या बँडच्या या नव्या अल्बमची तिघे मित्र शाळकरी पोरांसारखी वाट पाहत होते. ओमप्रकाश तर ऐन सणात दुर्गचं दुकान बापाच्या गळ्यात टाकून आला होता.

नरहरी टेपच्या सगळ्यात जवळ बसला. ती जागा त्याचीच. तिघांत तयार कान त्याचा. एकदा ऐकलेली सुरावट तो लगेच गिटारवर काढायचा. गणपतीत त्याचं वाजवणं ऐकायला पोलाद कारखान्याच्या सेक्टरातली माणसं त्याच्या कॅम्प-१ च्या मजूरवस्तीपर्यंत यायची. मग बाप गेला, आणि नरहरी एका खाजगी कारखान्यात लागला. तिथे लाल लोखंडावर दिवसभर मशीनचा हातोडा पडतो. तो कानात कापूस घालायचा. हातोडा कापसाला काय जुमानतो!

पहिल्या ठोक्याला नरहरीच्या अंगावर काटा आला. ड्रम, बेस, गिटारच्या जाड तारा, सगळं त्याला मिळालं. ओमप्रकाश मांडीवर ताल धरून राहिला होता. तो चुकला तेव्हा नरहरीने हसून त्याचा हात धरला आणि सातच्या सात मात्रा बरोबर मोजून दिल्या. कितीतरी दिवसांनी तो असा हसला.

मग सगळं एकदम बुडालं. नरहरीला वाटलं, गाणं संपलं. पण कॅसेटची चाकं फिरत होती आणि ते दोघं डोळे मिटून डोलत होते. त्याच्या कानात होती फक्त ती शिट्टी, कारखान्यातून त्याच्यासोबत घरी येणारी, झोपेतही न थांबणारी. तो त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिला. ओमप्रकाशचं तोंड उघडलं तसं त्यानेही उघडलं.

"वा!" तो म्हणाला.

अरुणकुमारने टेप थांबवला. "ऐकलं? मागं एक बाई कुजबुजते. ‘कम बॅक’ म्हणते."

"‘डोन्ट कम बॅक’ बे!" ओमप्रकाश उसळला. "पूरा मतलबच उलटा होते."

"होस्टेलमध्ये याच्यावरून मारामारी झाली आमची. नऱ्या, तू सांग. तुझा शब्द शेवटचा."

तो भाग पुन्हा लागला. नरहरीने टेपच्या स्पीकरच्या जाळीला कान टेकवला. जाळी कोमट होती. बाकी काही नव्हतं. दोघांचे डोळे त्याच्या तोंडाकडे लागले होते. एकदाचं सांगून टाकावं, असं त्याला वाटलं, आणि त्याने सांगून टाकलं.

"मले तं काहीच नाही ऐकू आलं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अरुणकुमारने मांडीवर थाप मारली. "साल्या! हेच! ती काही म्हणतच नाही. आपल्याले जे पाहिजे ते आपण ऐकतो!" त्याने नरहरीला मिठीच मारली.

"क्या बात है," ओमप्रकाश हळूच म्हणाला.

नरहरी हसला. दुसरं काय करणार?

"ऐक," अरुणकुमार त्याच्या पुढ्यात येऊन बसला. "पुण्यात आम्ही बँड काढून राहिलो. ड्रमवाला आहे, बेसवाला आहे. गिटारवाला नाही. मी सगळ्याइले सांगून ठेवलं, भिलाईत आमचा नरहरी आहे. माझ्या रूमवर राहा. परवा माझ्यासोबतच चल."

हातोड्यासमोर उभा असताना नरहरीने हे वाक्य किती वेळा मनात ऐकलं होतं! शब्द जवळपास हेच असायचे. पण गेल्या आठवड्यात त्याने गिटार खाली काढली, तेव्हा सगळ्यात बारीक तार बोटाखाली थरथरली आणि मुकीच राहिली. दुर्गच्या डॉक्टरने सांगितलं होतं, गेलं ते गेलं, उरलेलं सांभाळ.

आता खरं सांगितलं असतं तर अरुणकुमार रडला असता. आणि मग त्याच्याशी मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलू लागला असता, म्हाताऱ्यांशी बोलतात तसं. जन्मभर.

"नाही जमत, बाप्पा," नरहरी म्हणाला.

"कावून?"

"पगार वाढणार आहे औंदा. अन् माय एकटी आहे."

"मायले घेऊन ये."

"नाही जमत म्हटलं ना."

"अबे, तू हातोड्यावर मरायले जन्मला काय?"

"तसंच समज."

अरुणकुमार त्याच्याकडे पाहत राहिला. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. मग त्याने पाठ फिरवली, टेप लावला आणि आवाज पूर्ण चढवला. नरहरीने चपला घातल्या. त्याला कोणी थांब म्हटलं नाही.

बाहेर येऊन त्याने सायकल स्टँडवरून काढली. खिडकी उघडी होती. तावदानं थरथरत होती. आत अरुणकुमार ओमप्रकाशच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होता. त्या दणदणाटात ते कोणालाच ऐकू आलं नसतं. पण हातोड्यापाशी माणसं एकमेकांचं बोलणं ओठांवरूनच ओळखतात, आणि नरहरीला प्रत्येक शब्द स्वच्छ कळला.

"कान है साले के पास, जिगर नहीं."

ओमप्रकाशने मान हलवली. अरुणकुमारची नजर खिडकीकडे वळली. नरहरीने हसून हात केला आणि पायडल मारलं.