रिकामा चौथा ट्रॅक

सहावे गिऱ्हाईकही हात हलवत परत गेले, तेव्हा सेजल वडिलांवर चिडली.

"बाबा, तुमका ती विकूची आसा की नाय?"

गोकुळदास बेस गिटारच्या जाड तारांवरून फडके फिरवत राहिले.

गिटार साईशची, सेजलच्या धाकट्या भावाची. सोबत त्याचे चार ट्रॅकचे कॅसेट रेकॉर्डर, एक माइक आणि हेडफोन. घरच्या घरी एकेक वाद्य वेगळे वाजवायचे आणि एकाच कॅसेटवर जमवायचे, असे ते यंत्र. मुरगावला उतरलेल्या एका खलाशाकडून साईशने ते वापरलेलेच घेतले होते.

दहा महिन्यांपूर्वी तो गावातच, हळर्णच्या नदीत बुडाला. सगळे घर फोंड्याला लग्नाला गेले होते. तो एकटाच मागे राहिला होता. पाय घसरला असावा, असे पोलिसांनी लिहून घेतले. आणखी लिहिण्यासारखे कुणी काही सांगितलेही नाही.

मार्चमध्ये गोकुळदासांनी पेपरात जाहिरात दिली. गिटार आणि रेकॉर्डिंगचे सामान एकत्रच विकायचे, रविवारी घरी येऊन वाजवून बघावे. किंमत इतकी कमी लावली होती, की पेडण्यातून, म्हापशातून माणसे येऊ लागली.

प्रत्येकाला ते आतल्या खोलीत बसवत, गिटार हातात देत आणि एक कॅसेट लावत. तीत साईशने वाजवलेले एक गाणे होते. गिटार, कीबोर्ड, ठेक्याचे मशीन. चौथा ट्रॅक रिकामा होता. बेस भरायचाच राहून गेला होता.

"ह्याच्यावर वाजव बघूया," गोकुळदास म्हणत.

माणसे वाजवत. बरे वाजवत. पण गाण्यात मध्येच एक जागा अशी होती, की सगळी वाद्ये अवचित थांबत आणि दोन मात्रांनी भलत्याच सुरावर उठत. तिथे सगळे फसत. बोटे पुढे निघून जात आणि त्या शांततेत बेस एकटाच घुमत राही. गोकुळदास मान हलवत. "बरा. कळवतंय तुका." मग कुणालाच कळवत नसत.

भजनात चाळीस वर्षे पेटी वाजवलेला माणूस. मुलाची गिटार कुठल्याही हातात द्यायला त्याचे मन होत नसेल, हे सेजलला समजत होते. पण आईचे काय? कॅसेट सुरू झाली, की पार्वती स्वयंपाकघराचे दार लावून घेई. रविवारी तिच्या घशाखाली घास उतरत नसे. ते सामान एकदा घराबाहेर जावे, एवढेच सेजलला हवे होते.

सातवा आला तो डिचोलीचा. तुषार त्याचे नाव. जत्रांच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. सव्वीस-सत्तावीसचा असेल. चपला पायरीखाली काढून आला, गोकुळदासांच्या पाया पडला. सेजलला तो आवडला.

"साईशाक वळखत होतंस?" गोकुळदासांनी विचारले. हे ते प्रत्येकालाच विचारत.

"नाय काका. पेपरात वाचून इलंय."

"ह्या गावात आधी कधी?"

"नाय. पयल्यांदाच."

त्याने हार घातलेल्या फोटोकडे एकदा पाहिले आणि गिटारच्या खुंट्या पिळून सूर लावायला घेतले. कान चांगला होता. गोकुळदासांनी कॅसेट लावली.

पहिल्याच ओळीत सेजलला फरक जाणवला. तो चाचपडत नव्हता. बेस खालून असा भरत गेला, की गाणे इतके दिवस उपाशी होते हे तिला आता कळले. गोकुळदासांचा हात मांडीवर ठेका धरत होता.

ती जागा आली. तुषारचा तळवा तारांवर पडला, नेमका त्याच क्षणी. सगळे थांबले. दोन मात्रा. मग त्याची बोटे न बघता वर सरकली आणि साईशच्या गिटारबरोबर त्याच सुरावर उतरली.

गोकुळदासांचा हात मांडीवरच थांबला होता.

स्वयंपाकघराचे दार उघडले. पार्वती दारात येऊन उभी राहिली. दहा महिन्यांत ती पहिल्यांदाच त्या खोलीपाशी आली होती. सेजलचे डोळे भरून आले.

"बाबा," ती म्हणाली, "ह्याकाच देवन टाका. ह्याच्या हातात ती शोभता."

"होय बाय," गोकुळदास म्हणाले. "ह्योच तो."

त्यांचा आवाज इतका शांत होता, की सेजलला हायसे वाटले. संपले एकदाचे. आता आई जेवेल.

तुषार हसला. त्याने गिटार मांडीवरून उतरवली आणि पैशांसाठी खिशात हात घातला.

"पैशे रवांदे. बस."

गोकुळदास उठले. त्यांनी कॅसेट बंद केली. खोलीचे बाहेरचे दार लोटून आतून कडी घातली आणि कडीला पाठ लावून उभे राहिले. सेजल त्यांच्याकडे बघत राहिली.

"ह्या गाणा साईशान केल्यान तो त्याचो शेवटचो दिवस," ते म्हणाले. "आमी फोंड्यासून परत इलो तेव्हा मशीन चालूच होता, कॅसेट आतच. आमी आनी हय इलेल्या गिरायकांशिवाय ती कोणी ऐकूक नाय, तू तर आज पयल्यांदाच इलंस. मग मधी थांबूचा तुका कोणी सांगल्यान?"