जिन्यातले खिळ्यांचे बूट

बुधवारच्या फुटबॉल सामन्यासाठी शिंपी मोबाइलवरच्या खेळात खरे खेळाडू निवडून आपला फँटसी संघ जुळवत बसला होता. मेहुण्याच्या संघाकडून हरून पुन्हा नाक कापून घ्यायचं नव्हतं.

एका खेळाडूला वगळलं, तशी जिन्यातून खिळ्यांच्या बुटांची पावलं खाली उतरली. दुसऱ्याला घेतलं, तशी वर चढली.

"अहो, जिन्यात कोण आहे?" बायकोनं विचारलं.

"असेल कुणीतरी," तो म्हणाला.

मग त्यानं नुकत्याच दुखापतीतून सावरलेल्या स्ट्रायकरला घेतलं. या वेळची पावलं लंगडत वर आली. घाबरून त्यानं त्याला लगेच काढून टाकलं.

पावलं खाली गेलीच नाहीत. दाराशी थांबली.

बायकोनं दार उघडलं.

"कुणीच नाही हो," म्हणत ती वळली आणि अनवाणी, लंगडत त्याच्याकडे येऊ लागली. फरशीवर खिळे वाजत होते.