पसंतीची खोली

पहिल्या वर्षाला प्रवेश मिळालेल्या मुलीपुढे वॉर्डनबाईंनी फॉर्म सरकवला. “पसंतीची खोली लिही.”

मुलीनं आईकडे पाहिलं. अठरा वर्षं याच होस्टेलच्या फरशा पुसणाऱ्या आईला सगळ्या खोल्या तोंडपाठ होत्या.

“बारा नंबरचा नळ गळतो, वीसच्या भिंतीला ओल येते. सव्वीस घे डोळे झाकून. सकाळचं ऊन थेट टेबलावर पडतं.”

दोघी सव्वीसमध्ये आल्या. एक पलंग दाराशी, एक खिडकीशी.

“आई, झोपायला कुठला बरा गं?”

“ते नाही बाई सांगता येणार. कधी टेकलेच नाही.”

मुलीनं तिला खांद्याला धरून खिडकीशी बसवलं. आईनं आधी दाराकडे पाहिलं, मग हळूच पाठ टेकली.

“हाच घे,” ती म्हणाली. “उठावंसंच वाटत नाही.”