बेल्टचा हूक

सकाळीच गवंड्याने मुकादमाला सेफ्टी बेल्टचा हूक दाखवला होता. "भाऊजी, हा नीट बसत नाही."

"आजचा दिवस निभावून ने. मी आहे ना," म्हणत मुकादमाने स्वतःच्या हाताने तो बेल्ट त्याच्या कमरेला आवळला. सख्ख्या बहिणीचा नवरा. त्याच्यापुढे काय बोलणार? गवंडी परांचीवर चढला.

दुपारी हूक निसटला आणि तो तिसऱ्या मजल्यावरून वाळूच्या ढिगावर आदळला. शुद्ध होती, पण जीभ उचलत नव्हती. सगळ्यांआधी भाऊजीच धावत आले आणि भराभर बेल्ट सोडवू लागले. श्वास मोकळा व्हावा म्हणून असेल, त्याला वाटलं. घरचं माणूस ते घरचं माणूस.

साहेब येताना दिसले, तसा भाऊजींनी बेल्ट वाळूत खोल खुपसला.



"रोज कानीकपाळी ओरडतो, साहेब. पण हा बेल्ट लावेल तर शपथ."