दाराबाहेरचं बटण

"बंद केलास का गं?" ढुंढिराजांनी बाथरूममधून विचारलं.

बाहेर कोणी नव्हतं. त्यांच्या पत्नीला, इंदिराबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. गीझरचं बटण ढुंढिराजांनी स्वतःच बंद केलं होतं. लाल दिवा विझलेला पाहूनच ते आत आले होते आणि कडी लावली होती. तरी नळाला हात न लावता ते उभे राहिले. जरा वेळाने दारापलीकडून आवाज आला.

"केलाय हो. घ्या आता आंघोळ करून."

मग त्यांनी नळ सोडला. हे ते कोणाला सांगत नसत.

इंदिरानगरच्या या फ्लॅटमध्ये ते राहायला आले, त्याच हिवाळ्यात समोरच्या इमारतीतली एक मुलगी गीझर चालू ठेवून आंघोळीला गेली आणि शॉक लागून दगावली. तेव्हापासून नवरा आंघोळीला गेला की इंदिराबाई दाराबाहेर उभ्या राहायच्या. बटण बंद करायच्या, आणि कोणी चुकून पुन्हा दाबू नये म्हणून आंघोळ संपेपर्यंत तिथेच थांबायच्या. दूध उतू गेलं तरी हलायच्या नाहीत. अंगात ताप असला तरी हलायच्या नाहीत. मुलगा चेष्टा करायचा, "आई, बाबांना कोण पळवून नेणार आहे?" त्या म्हणायच्या, "तू डबा घे आणि शाळेत जा." शेवटच्या हिवाळ्यात पाय साथ देईनात, तेव्हा त्यांनी दाराशी एक स्टूल आणून ठेवलं. ते अजून तिथेच होतं.

ढुंढिराज आंघोळ करून पेपर वाचत बसले होते, तेव्हा बाथरूममधून किंकाळी आली. कामाला येणाऱ्या कुसाबाई आत फरशी घासत होत्या. ओला हात नळाला लागला आणि झटका बसून त्या भिंतीवर आदळल्या. दंड चोळत बाहेर आल्या.

"मावशी, आधी बटण बंद करायचं ना!" सून यशश्री म्हणाली.

"केलं व्हतं ताई. देवाशप्पथ केलं व्हतं. लाल दिवा इझला, मंगच आत शिरले."

"मग करंट कसा लागेल?"

"ते मला काय इचारता? त्या गीझरला इचारा."

यशश्रीने वायरमनला फोन केला. सुनील दुपारच्या आत आला. वर चढायला त्याने दाराशी असलेलं स्टूल ओढलं.

"त्यावर नको," ढुंढिराज म्हणाले.

यशश्रीने गॅलरीतून शिडी आणून दिली. सुनीलने गीझरचं झाकण उघडलं आणि मान हलवली.

"काका, तुम्ही एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होता ना? अख्ख्या जिल्ह्याला वीज दिली, आणि घरात हे असलं?"

"मी तिथे पगारपत्रकं लिहायचो. वीज दुसरे बनवायचे."

सुनील हसला. "कॉइल फुटलीय. करंट पाण्यात उतरतोय. अर्थिंगची तार तर जोडलेलीच नाही. हा गीझर काढू. नवा बसवू, अर्थिंग करू, आणि मेन बोर्डात ईएलसीबी टाकू. करंट जरा कुठे बाहेर पडला, की लाइन आपोआप बंद. मग कोणी पहारा द्यायला नको."

"म्हणजे दाराशी कोणी थांबायला नको?"

"कशाला थांबायचं?"

ढुंढिराजांनी पेपरची घडी घातली. "मग राहू दे. आहे तसंच राहू दे."

"बाबा, कुसामावशी थोडक्यात वाचल्या," यशश्री म्हणाली.

"त्या विसरल्या असतील. बटण बंद असलं की काही होत नाही. तुझ्या सासूने मला इतकी वर्षं तसंच सांभाळलंय. तुम्ही सगळे दुसरं बाथरूम वापरा. हे माझं एकट्याचं."

यशश्रीने सुनीलला झाकण लावायची खूण केली. रोज सकाळी आतून येणारा प्रश्न तिने ऐकला होता.

सुनील झाकण लावायला परत वर चढला आणि थांबला. बटणाकडे पाहिलं. बटण बंद होतं, दिवा विझलेला होता. त्याने गीझरच्या तारेला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा लागला. तो खाली उतरला, बटणाची पट्टी खोलली आणि आत बघत राहिला.

"मावशी खरं बोलत होत्या," तो म्हणाला.

"मंग!" स्वयंपाकघरातून कुसाबाई म्हणाल्या.

"बटण चुकीच्या तारेवर बसवलंय, वहिनी. करंटची तार सरळ गीझरला गेलीय. बटणातून नुसती न्यूट्रल, म्हणजे परतीची तार गेलीय. बटण दाबलं की पाणी तापायचं थांबतं, दिवाही विझतो. पण गीझरमध्ये करंट असतोच."

"कधीपासून?"

"फिटिंग केली तेव्हापासून. या तारांना नंतर कोणाचा हात लागलेला नाही."

यशश्रीने दाराशी ठेवलेल्या स्टुलाकडे पाहिलं. "म्हणजे आई बंद करायच्या, तेव्हाही...?"

"तेव्हाही चालूच. आज सकाळपर्यंत आतली कॉइल शाबूत होती, म्हणून काका वाचले. बटण बंद केलं काय आणि नाही केलं काय, सारखंच."

ढुंढिराज खुर्चीतून उठले.

"काढ तो गीझर," ते म्हणाले. "आत्ताच काढ. तारा, बटण, सगळं काढ. नवं काय लागतं ते घाल."

"काढतो ना काका. पण तुम्ही घाबरू नका. इतकी वर्षं काही झालं नाही, ते नशीबच—"

ढुंढिराजांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मागे वळून पाहिलं.

"हळू बोल रे. ती इतकी वर्षं उगाच दाराशी उभी राहिली, हे तिला कळायला नको."