अडखळती आखणी

टीव्हीवर बाबाजींचा कुंचला गणपतीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात येऊन पुन्हा थांबला. मग तसूभर सरकला आणि परत थांबला. आवाज कधीच पुढे निघून गेला होता. प्रणिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोह्याच्या दुकानात ती लोकांचे टीव्ही दुरुस्त करायची, आणि माहेरी हमरापूरला तिनंच आणून टीव्हीला जोडलेला, व्हिडिओ दाखवणारा छोटा बॉक्स असा रखडत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

चतुर्थी बारा दिवसांवर आली होती. तिच्या वडिलांचा, बाबाजींचा, उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि कारखान्यात तीनशे रंगवलेल्या मूर्ती डोळ्यांवाचून बसल्या होत्या. डोळ्यांची आखणी घरात फक्त बाबाजी करत, तीही अशी झरझर की शेजारी बसूनही उमगू नये. "बघा नि शिका," एवढीच त्यांची शिकवणी. वहिनी मालू दहा वर्षं बघत होती. पितांबराच्या काठापुढे तिची मजल गेली नव्हती. आता सगळी भिस्त प्रणितानं गेल्या वर्षी मोबाइलवर घेतलेल्या ह्या व्हिडिओवर होती.

दुखणं प्रणिताला लगेच कळलं. मोबाइलनं व्हिडिओ नव्या कोडेकनं, म्हणजे व्हिडिओ लहान करायच्या नव्या पद्धतीनं, दाबून बांधला होता आणि तो उलगडणारी चिप ह्या स्वस्त बॉक्समध्ये नव्हतीच. सगळा भार बिचाऱ्या साध्या प्रोसेसरवर पडला होता, नि तो धापा टाकत होता.

"उद्या जुन्या कोडेकमधी करून आणते गो वयनी," म्हणून ती रोह्याला परतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं नवा व्हिडिओ लावला. तो पाण्यासारखा चालला. दोन फटकाऱ्यांत डोळा तयार झाला. प्रणिता खुशीत वळली, तर मालूचं तोंड पडलेलं.

"ताई, कालचाच लाव ना."

"तो अडकतो गो."

"अडकतो म्हणून तर दिसतो. ह्यात रिमोट दाबेपर्यंत डोला संपतो. काल कुंचला कुठं टेकला, कुठं उचलला, सगला दिसला. तू गेल्यावर दिवसभर त्योच लावून बसलेली मी."

प्रणिताला असं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. आपली फजिती एवढी कामाला येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मालूनं बाबाजींना हाक मारली. तिघं कारखान्यात गेली. कोपऱ्यातल्या सात मूर्तींवरचं फडकं मालूनं ओढलं आणि ती मागे सरकली. सातही मूर्तींना आता डोळे होते. बाबाजींनी चष्मा चढवला. एकेका मूर्तीपुढे वाकून त्यांनी डोळ्याला डोळा भिडवला.

"ही रांग कशाला दाखवतेस?" ते वैतागले. "ही तर हात मोडायच्या आदी मीच आखलेली."